चाकं जमिनीला टेकेपर्यंत

नव्वद साली कुवेतवर हल्ला झाला आणि तिथली आपली माणसं विमानं भरभरून परत आली. त्यात पनवेलची बरीच कुटुंबं होती. त्यांतल्या एक बाई आणि त्यांची मुलगी दिवाळीच्या सुमारास माझ्या काकांच्या फोटो स्टुडिओत आल्या. मुलीला कॉलेजात प्रवेश घ्यायचा होता, कागदपत्रं तिकडेच राहिली होती, आणि सगळं नव्याने करायचं तर सुरुवात पासपोर्ट फोटोपासून होती. मी तेव्हा अकरावीत होते. सकाळी कॉलेज आणि दुपारनंतर काकांच्या हाताखाली, असा माझा दिवस असायचा.

मुलगी माझ्याच वयाची होती. तिच्या काखेत एक लांबुळकी फळी होती, दोन्ही टोकांना वर वळलेली, खाली चार छोटी चाकं; याला स्केटबोर्ड म्हणतात हे मला मागाहून कळलं. माणशी एकेक बॅग आणता आली तेव्हा हिने कपडे बाहेर काढून ही फळी आत कोंबली, असं तिच्या आई काकांना तक्रारीच्या सुरात सांगत होत्या. सांगताना हसत मात्र होत्या.

काकांचा स्टुडिओ अरुंद आणि लांब होता. पुढे काउंटर, मागे फोटो काढायची जागा, तिथे कारंज्याचं आणि गुलाबांचं चित्र रंगवलेला पडदा. जमिनीला गुळगुळीत मोझेक. फोटो काढून झाल्यावर त्या मुलीने लादीकडे एकदा पाहिलं, काकांना विचारलं, “अंकल, एकदा?” काका कसला एकदा हे विचारेपर्यंत तिने फळी खाली टाकली, एक पाय मारला आणि काउंटरपासून थेट कारंज्यापर्यंत गेली. पडद्याला टेकणार तेवढ्यात फळीचं एक टोक दाबून गर्रकन वळली आणि परत आली. काकांनी दिव्याचा स्टँड दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. मी पाय न हलवता पुढे जाणारं माणूस पहिल्यांदाच पाहत होते, आणि त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना.

आठवड्याभरात आमची मैत्री झाली. ती माझ्याच वर्गात आली होती. तिचं मराठी घरच्या कोकणीतून आणि शाळेतल्या इंग्रजीतून वाट काढत यायचं, मध्येच एखादा उर्दू शब्द घ्यायचं, पण तिला जे म्हणायचं ते अगदी नेमकं कळायचं. जुन्या पनवेलात फळी चालवायला रस्ता नव्हता. खड्डे, शेण, टांगे, आणि वर मागे धावणारी कुत्री. म्हणून कॉलेज सुटलं की आम्ही दोघी माझ्या सायकलवरून रुळांच्या पलीकडे, नवीन पनवेलला जायचो. तिथे तेव्हा इमारती उभ्या होत्या पण माणसं यायची होती. एक बाजारसंकुल बांधून तयार होतं. दुकानांची शटरं बंद, पुढे लांबलचक सिमेंटचा ओटा, आणि ओट्यावरून खालच्या मोकळ्या जागेत उतरायला चार पायऱ्या. म्हशी सोडल्या तर तिथे कुणी नसायचं.

तिच्या आईची एकच अट होती, मी सोबत असले पाहिजे. काकांची अट होती की कॅमेऱ्याला ओरखडा पडता कामा नये. काकांनी त्यांचा जुना कॅमेरा मला शिकायला दिला होता, आणि कृष्णधवल फिल्म आम्ही डार्करूममध्ये स्वतःच धूत असू. तिने पंजाबी ड्रेसवर ओढणी कमरेला घट्ट बांधायची, कॅनव्हासचे बूट घालायचे, आणि मी तिच्यासमोर कॅमेरा घेऊन बसायचं.

पहिली फिल्म धुतली तेव्हा मला रडू आलं. एकाही फोटोत ती नव्हती. रिकामा ओटा, बंद शटर, कोपऱ्यात एखादा बूट. मी बटण दाबेपर्यंत ती निघून गेलेली असायची. काकांनी समजावलं की हलणाऱ्या माणसाच्या मागे धावायचं नाही, ते जिथे येणार तिथे आधीच फोकस धरून बसायचं. मग मी खडूने सिमेंटवर फुली मारायची आणि तिला सांगायची की या फुलीवरून जा. हळूहळू ती फोटोत यायला लागली. आधी अर्धी, मग पूर्ण. फळीची शेपटी पायाने जमिनीवर आपटून फळीसकट हवेत उठायची एक युक्ती तिला येत होती, ती त्याला ऑली म्हणायची. त्या ऑलीचा पहिला नीट फोटो, फळी आणि जमीन यांच्यात हातभर उजेड असलेला, ट्रेमधल्या पाण्यात हळूहळू वर आला तेव्हा मी डार्करूममध्ये एकटीच मोठ्याने हसले होते.

दुसऱ्या दिवशी तो फोटो मी तिला दाखवला. तिने बराच वेळ पाहिला आणि विचारलं, “ही कुठली? उतरलेली का?”

मला प्रश्नच कळला नाही. मग तिने समजावून सांगितलं. कुवेतमध्ये त्यांच्या इमारतीत काही मोठी मुलं फळी चालवायची, ती त्यांच्याकडूनच शिकली. त्या मुलांकडे एक कॅमेरा होता आणि जिन्याखालच्या भिंतीवर ते फोटो चिकटवायचे. पडलेल्या उडीचा, म्हणजे उतरताना मुलगा आपटला अशा उडीचा, फोटो त्या भिंतीवर कधी लागला नाही. हवेत सगळेच सुंदर दिसतात, ती म्हणाली. पुढे फळीवर उभं राहून निघून गेलं तरच ती उडी झाली. आणि उडी झाली की नाही हे उडणाऱ्याने सांगायचं नसतं, कारण तो होच म्हणणार. ते फोटो काढणाऱ्याने सांगायचं.

त्या फोटोतली उडी नक्की उतरलेली होती की नव्हती, हे मला आठवत नव्हतं. तिने फोटो मला परत दिला.

मला राग आला. फोटो इतका छान आलाय आणि ही काय घेऊन बसलीय, असं वाटलं. शिवाय मी वाढले होते काकांच्या स्टुडिओत. तिथे निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवून देवीचे व्रण जायचे, टक्कल थोडं कमी व्हायचं, आणि मुलीच्या गळ्यात नसलेला हारही यायचा. काकांची सगळ्यांत मोठी ख्याती होती ती जोडफोटोंची. पनवेल-उरणकडच्या कितीतरी घरांतले पुरुष आखातात असायचे. बायको-मुलं इथे फोटो काढायची, नवऱ्याचा फोटो तिकडून यायचा, आणि काका दोन निगेटिव्ह असे जोडायचे की सगळं कुटुंब एकाच कारंज्यापुढे उभं राहायचं. लोक तो फोटो हातात घेऊन रडायचे. फोटो म्हणजे माणसाला हवं ते देणं, असंच मी शिकले होते.

पण तिचा प्रश्न डोक्यातून जाईना. त्यानंतर प्रत्येक उडीला, बटण दाबलं की मी कॅमेरा खाली घेऊन पुढे काय होतं ते बघायला लागले. आणि तेव्हा एक विचित्र गोष्ट लक्षात आली. बटण दाबताना कॅमेऱ्याच्या आतला आरसा वर उडतो आणि डोळ्यासमोर क्षणभर अंधार होतो. म्हणजे जो क्षण फोटोत येतो तो फोटो काढणाऱ्याला दिसतच नाही. त्याला दिसतो त्याच्या आधीचा आणि नंतरचा. आधीचं फोटोत नसतं, नंतरचंही नसतं. ते फक्त मला माहीत असतं. हे कळल्यावर मला एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं.

जानेवारीत तिने त्या चार पायऱ्या मनावर घेतल्या. ओट्यावरून वेगाने यायचं, कडेला ऑली मारायची, चारही पायऱ्या हवेत ओलांडून खाली उतरायचं. आज लोक टीव्हीवर याहून कितीतरी मोठ्या उड्या पाहतात. तेव्हा मी तिला वरून येताना बघायची आणि कॅमेरा दोन्ही हातांनी घट्ट धरायची. ती पडायची, फळी एकीकडे, ती दुसरीकडे. उठायची, कोपर बघायची, फळी उचलून पुन्हा वर जायची. कधी कधी पडल्या पडल्या आडवी होऊन हसत सुटायची.

अशाच एका संध्याकाळी मी पायऱ्यांच्या बाजूच्या कोरड्या गटारात बसले होते, कॅमेरा जवळजवळ जमिनीला लावून. ती आली, शेपटी आपटली, आणि मी बटण दाबलं. क्षणभर अंधार. नंतर दिसलं ते असं: फळी पायाखालून निसटली आणि ती कमरेवर आपटली. त्या दिवशी तिला नीट चालता येत नव्हतं. सायकलवर मागे बसवून मी तिला घरी नेलं.

तो फोटो धुतला आणि काका खुर्चीतून उठून आले. तिची वेणी सरळ मागे उडालेली, दोन्ही हात पसरलेले, फळी पायांखाली अशी की जणू पायांना चिकटली आहे, आणि मागे लांबवर प्रबळगडाचा डोंगर. गटारातून काढल्यामुळे चार पायऱ्या चांगल्या आठ-दहा वाटत होत्या. काकांनी इतक्या वर्षांत माझ्या कुठल्याच फोटोला काही म्हटलं नव्हतं. त्या दिवशी म्हणाले, “हा मोठा कर.”

मी मोठा केला आणि वाळायला तारेवर लावला.

दोन दिवसांनी मुंबईच्या एका वर्तमानपत्रात काम करणारे एक गृहस्थ स्टुडिओत आले. मेहुण्याच्या लग्नाचे फोटो निवडायला आले होते, रविवारची पुरवणी तेच बघायचे. त्यांची नजर तारेवर गेली आणि लग्नाचे फोटो बाजूला राहिले. ही कोण, कुठली, फोटो कुणी काढला, असं त्यांनी एका दमात विचारलं. मी काढला म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझे कान गरम झाले. हा फोटो येत्या पुरवणीत पहिल्या पानावर घेतो, म्हणाले. खाली काय लिहायचं तेही तिथेच ठरवून टाकलं: पायऱ्या लीलया ओलांडणारी पनवेलची कन्या.

मला आनंदाने उडी मारावीशी वाटत होती. तरी मी सांगितलं, “पण ती यात पडली होती.”

त्यांनी फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “फोटोत तर पडलेली नाही,” ते म्हणाले.

मी म्हटलं की तिला आणि तिच्या आईला विचारावं लागेल. ते कबूल झाले. शनिवारी अल्बम न्यायला येणार होते, तोपर्यंत विचारून ठेवा, म्हणाले.

मी सायकल हाणत तिच्या घरी गेले. वर्तमानपत्र म्हटल्यावर ती पलंगावर उभी राहिली, मला धरून गोल फिरवलं, लंगडत लंगडतच. मग विचारलं, “कुठला फोटो?” मी सांगितलं. ती खाली बसली.

“तो नाही,” ती म्हणाली. “त्यात मी पडले.”

तिच्या आई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. मला वाटलं मुलीचा फोटो पेपरात म्हटल्यावर त्या नको म्हणतील. त्यांनी फक्त विचारलं, खाली काय लिहिणार. मी ते वाक्य सांगितलं. लीलया म्हणजे काय, त्यांनी विचारलं. काही त्रास न होता, मी म्हटलं. त्यांनी मुलीच्या कोपराकडे पाहिलं, तिथे आयोडीन लावलेलं होतं.

“फोटोला माझी इजाजत आहे,” त्या म्हणाल्या. “या शब्दाला नाही.”

मी परत आले तेव्हा काकांनी त्यांच्या परीने मार्ग काढला होता. माणूस मागतोय तर द्यावं, त्यात कुणाचं नुकसान नाही. आणि तिला उतरलेलंच हवं असेल तर ती फळीवर नीट उभी आहे असा फोटो आहेच, तो पायऱ्यांच्या खाली बेमालूम जोडून देतो, म्हणाले. काका ते खरंच करू शकले असते. मी दुसऱ्या दिवशी तिला हे सांगितलं, आणि जरा चिडूनच विचारलं की तुझ्या अम्मीने गेल्या महिन्यात काकांकडून अब्बांचा जोडफोटो करून घेतला, तो तुला चालला, मग हे का नाही? तिचे अब्बा कुवेतहून परस्पर दुबईला नव्या नोकरीवर गेले होते आणि काकांनी त्यांना मायलेकींच्या मधोमध उभं केलं होतं.

तिने जरा विचार केला. “अब्बा इथे नाहीत हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे,” ती म्हणाली. “तो फोटो आम्हाला काही खोटं सांगत नाही. पेपरवाले मला ओळखत नाहीत. त्यांना फोटो जे सांगेल तेच खरं.”

एवढं बोलून तिने फळी उचलली. शनिवारच्या आत मी उतरणार, ती म्हणाली. तू फक्त तयार राहा.

ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यांत मजेचे होते असं मला अजून वाटतं. आम्ही वर्गात बसलेलो असायचो आणि पाय बाकाखाली आपोआप हलायचे. सुटलं की सायकल. ती पायऱ्यांवरून झेप घ्यायची, मी गटारात. आधी फळी मागेच राहायची. मग फळी सोबत यायची पण एकच पाय तिच्यावर पडायचा. मग दोन्ही पाय पडले पण चाकाखाली खडा आला. मी खराटा आणून सगळी जागा झाडून काढली. प्रत्येक वेळी ती आधीपेक्षा थोडी जवळ जायची आणि आम्हा दोघींना ते दिसायचं, त्यामुळे थांबवतच नव्हतं.

शुक्रवारी, उजेड उतरत असताना, ती उतरली. मी बटण दाबलं, अंधार झाला, आणि पुन्हा दिसायला लागलं तेव्हा ती आपटण्याचा आवाज आलाच नाही. आला तो चाकांचा घरंगळण्याचा आवाज. ती फळीवर उभी होती आणि मोकळ्या जागेतून लांब लांब चालली होती, म्हशींच्या दिशेने, पाठमोरी, दोन्ही हात वर करून. मी कॅमेरा गळ्यात घेऊन तिच्यामागे ओरडत पळाले. म्हशी उठून बाजूला झाल्या. आम्ही एकमेकींना मिठी मारली तेव्हा कॅमेरा मध्ये आला आणि दोघींच्या बरगड्यांना लागला.

थेट डार्करूम गाठली. तीही माझ्यासोबत आत आली. फिल्म धुतली, वाळवली, आणि तो फोटो कागदावर उतरवला. तांबड्या दिव्यात आम्ही दोघी ट्रेवर वाकलो होतो. चित्र वर आलं. मी घाई केली होती. ती नुकतीच कडेवरून सुटत होती, पाठ वाकलेली, कोपर चेहऱ्यावर आलेलं, एक पाय फळीच्या बाहेर असल्यासारखा, आणि उजेड कमी असल्याने सगळं हललेलं. बघणारा म्हणाला असता, ही आता तोंडावर आपटणार.

तिला आधी हसू फुटलं. हसता हसता ती स्टुलावरून खाली आली. पडलेली उडी पाखरासारखी दिसते आणि उतरलेली ही अशी, असं म्हणून पुन्हा हसायला लागली. मला हसू येत नव्हतं. शनिवार उद्यावर होता.

काकांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहिले. मग त्यांनी जे विचारलं ते मला फार अवघड गेलं. ते म्हणाले, आता तर तिला उडी येते ना? आज तिने मारली ना? त्याच पायऱ्या, तीच मुलगी, तीच फळी. मग चांगला फोटो दिला तर त्यात खोटं काय राहिलं?

खरंच, काय राहिलं होतं? मी रात्री अंथरुणात पडून हे स्वतःला बऱ्याच प्रकारे पटवून पाहिलं. दर वेळी जवळजवळ पटायचं. आणि दर वेळी तिचं ते कमरेवर आपटणं आठवायचं, जे माझ्याशिवाय कुणीच पाहिलं नव्हतं. तो फोटो त्या पडण्याचा होता. तो मी दुसऱ्या उडीचा म्हणून दिला असता, तर पाहणारी म्हणून माझा काही उपयोगच उरला नसता. मग तिच्यासोबत सायकलवर माझ्या जागी कुणीही चाललं असतं.

शनिवारी ते गृहस्थ आले. मी दोन्ही फोटो काउंटरवर ठेवले आणि सांगितलं, या फोटोत ती पडली, या फोटोत ती उतरली. तुम्हाला पहिला छापायचा असेल तर ती पडली असं खाली लिहा. तिचं आणि तिच्या आईचं तसंच म्हणणं आहे.

त्यांनी कपाळावर हात मारला. दुसरा फोटो छापण्यासारखा नव्हता, हे मलाही दिसत होतं. पडणाऱ्या मुलीचा फोटो पहिल्या पानावर कोण घेणार, ते म्हणाले. मग बराच वेळ ते फोटो आलटून पालटून पाहत राहिले. शेवटी विचारलं, “ती खरंच उतरली?”

“हो. मी पाहिलं.”

“मला बघायला मिळेल?”

अर्ध्या तासात आम्ही सगळे संकुलात होतो. ते गृहस्थ काकांच्या स्कूटरवर मागे बसून आले. काकांनी त्या दिवशी दुकान दुपारीच बंद केलं, हे माझ्या आठवणीत पहिल्यांदा झालं. तिच्या आई रिक्षाने आल्या, सोबत थर्मासमध्ये चहा. त्यांनीही मुलीला उडताना कधी पाहिलं नव्हतं. शेजारच्या बांधकामावरचे दोन गवंडीही येऊन उभे राहिले. तिने ओढणी कमरेला बांधली, आणि माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

पहिल्यांदा ती पडली. तिच्या आई उठल्या आणि पुन्हा बसल्या. दुसऱ्यांदाही पडली. ते गृहस्थ हातातला चहा विसरून गेले होते. एक गवंडी म्हणाला, “नाय जमाचा तिला,” आणि दुसऱ्याने त्याला गप्प केलं.

मी गटारात बसले होते, नेहमीच्या जागी. आणि तिथे बसल्या बसल्या मला एकदम कळलं की मी इतके दिवस चुकीच्या क्षणाची वाट बघत होते. मी सगळ्यांत उंच क्षणासाठी थांबत होते. तो पडणाऱ्या उडीतही असतो आणि उतरणाऱ्या उडीतही, अगदी सारखा. तो फोटो पाहून कुणालाच काही कळणार नाही. मी उठले आणि पळत जाऊन पायऱ्यांच्या समोर, खाली, सिमेंटवर पोटावर पडले. तिथून पायऱ्या चारच दिसत होत्या, जेवढ्या होत्या तेवढ्या. जिथे ती टेकणार तिथे फोकस धरला. ती वरून ओरडली, “तू मरशील तिथे!” मी म्हटलं, ये.

ती आली. वेगाचा आवाज, शेपटीचा ठोका, आणि मग ती माझ्या डोक्यावर होती. मी थांबले. सगळ्यांत उंच क्षण गेला आणि बोट तसंच राहिलं, याचं मला आजही नवल वाटतं. ती खाली यायला लागली. चारही चाकं सिमेंटला लागताना जो आवाज होतो, त्या आवाजाला मी बटण दाबलं. अंधार झाला. ती माझ्या डाव्या कानाच्या इतक्या जवळून गेली की वारा लागला. मी मान वळवली तेव्हा ती उभी होती, फळी चालत होती, आणि मागून काका त्यांच्या भसाड्या आवाजात काहीतरी ओरडत होते. तिच्या आई चप्पल तिथेच टाकून धावल्या. ते पेपरचे गृहस्थ दोन्ही गवंड्यांचे हात हातात घेऊन हलवत होते.

तो फोटो काही पाखरासारखा नव्हता. गुडघे वाकलेले, गाल थरथरून वेडेवाकडे झालेले, एक डोळा मिटलेला, वेणी नाकाशी. पण चाकं जमिनीवर होती, मागे चारही पायऱ्या होत्या, आणि पायऱ्यांच्या वर सगळी माणसं होती, तोंडं उघडी ठेवून. मी तो ट्रेमधून उचलून काउंटरवर आणला. त्या गृहस्थांनी स्टुडिओतच थांबून तो ओला असतानाच पाहिला. बराच वेळ पाहून म्हणाले, हाच घेऊ. खाली मजकूर त्यांनी तिच्या आईंना वाचून दाखवला. त्यात आधी दोनदा पडली हे होतं, आणि लीलया हा शब्द नव्हता.

फोटो पहिल्या पानावर आला नाही, आतल्या पानावर आला, आणि शाई थोडी पसरली होती. तरी रविवारी सकाळी आम्ही एसटी स्टँडवरच्या विक्रेत्याकडून पेपर घेतला आणि तिथेच उभ्या उभ्या उघडला. शेजारी शिरढोणच्या गाडीची वाट बघणारे एक आजोबा वाकून बघायला लागले. त्यांनी आधी फोटो पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं. “लागला काय गो?” त्यांनी विचारलं. तिने कोपर वर करून दाखवलं. आजोबा खूश झाले.

संध्याकाळी शेजाऱ्यांच्या फोनवर दुबईहून तिचे अब्बा बोलले. तिने त्यांना सगळं सांगितलं, पडलेली उडी, उतरलेली उडी, माझ्या कानाजवळून गेलेली फळी. मी शेजारी उभी होते. ती मध्येच फोनवर हात ठेवून मला म्हणाली, “विचारतायत, फोटो काढणारी कशी आहे, तिला लागलं नाही ना?”

नाही, मी म्हटलं. मग आम्ही दोघी बाहेर आलो. अजून उजेड होता. संकुलाच्या मागच्या बाजूला पाच पायऱ्या आहेत, तिने कालच बघून ठेवल्यात, ती म्हणाली. मी सायकल काढली. ती मागे बसली, फळी मांडीवर घेऊन, आणि वाटभर मला सांगत राहिली की या वेळी मी कुठे आडवं पडायचं.